गळ, आमिष आणि नियत

मराठीत मासेमारीचे शब्द फसवणुकीच्या कामाला फार लवकर लागले. निवडणुका जवळ आल्या की अमका पुढारी तमक्याच्या गळाला लागतो. नोकरीचे आमिष दाखवून कुणी गरीब पोरांना लुबाडतो. पोलीस जाळे टाकतात आणि बडे मासे नेमके त्यातून निसटतात. उर्दूतही हाच प्रकार. दाना आणि दाम ही जोडी गझलेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दाणा समोर दिसतो, फास दिसत नाही आणि सय्याद आडोशाला बसलेला असतो. आपल्या दोन्ही भाषांनी गळ टाकणाऱ्याचा निकाल जणू आधीच लावून ठेवला आहे. पण ज्याच्या हातात खरोखरीचा गळ आहे, जो माजलगावच्या धरणावर किंवा मांजराच्या काठावर तासन्‌तास बसून असतो, तो खोटारडा ठरतो काय? याचा विचार आपण फारसा करीत नाही.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. सातवीच्या वर्गात एका मुलाने दप्तरातून प्लास्टिकचा एक छोटा मासा काढून दाखवला. रंगीत, गुबगुबीत, डोळे रंगवलेले, तोंडाशी पारदर्शक जीभ आणि पोटाखाली दोन तिहेरी गळ. त्याच्या भावाने तो मोबाईलवरून मागवला होता. बाजूच्या बाकावरचा मुलगा पटकन बोलून गेला, ‘‘सर, ये तो मछली कू धोका देना हुआ ना?’’ वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जो धर्म माणसाला खोटे बोलण्यापासून रोखतो, त्या धर्माच्या लेकरांनी खोटा मासा पाण्यात सोडावा की नाही?

आधी ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ. हिला क्रँकबेट म्हणतात. अमेरिकेत बास नावाचा शिकारी मासा पकडण्यासाठी ती फार वापरली जाते. बास मूळ उत्तर अमेरिकेचा. आपल्या धरणांत तो नाही. आपल्याकडे रोहू, कटला, मृगळ, चिलापी, वाम आणि शिकारी म्हणाल तर मरळ. आमच्याकडची तरुण मुले अमेरिकेतल्या बासच्या चित्रफिती पाहतात आणि तीच कला मरळीवर चालवतात.

क्रँकबेटचे सगळे मर्म तिच्या जिभेत आहे. दोरी ओढली की पाण्याचा दाब या जिभेवर येतो, मासा डोके खाली घालून बुडी मारतो आणि डावी-उजवीकडे डुलू लागतो. जीभ लांब व पुढे झुकलेली असेल तर तो खोल जातो. आखूड व उभी असेल तर उथळ पाण्यातच राहतो. तंगूस बारीक असेल तर पाण्याचा अडथळा कमी होऊन आणखी खोल जातो. चकरी सावकाश फिरणारी असली तर खोल जाणाऱ्या क्रँकबेटला सोयीची. पाणी गढूळ असेल तर भडक रंग आणि आत खुळखुळणारे मणी, कारण गढूळ पाण्यात मासा डोळ्यांपेक्षा अंगावरच्या पार्श्वरेखेने पाण्याची थरथर ओळखतो. पाणी निवळ असेल तर साधा, खऱ्या माशासारखा रंग. ओढण्याच्याही तऱ्हा आहेत. एकसारखे ओढत राहायचे, किंवा ओढता ओढता क्षणभर थांबायचे, किंवा मुद्दाम बुडालेल्या बाभळीच्या खोडाला आपटू द्यायचे. आपटून तो भेलकांडला की शिकारी मासा झडप घालतो.

तो झडप का घालतो, हे फिनलंडच्या लाउरी रापाला या गरीब कोळ्याने फार पूर्वी ओळखले. मोठा मासा लहान माशांच्या थव्यातून नेमका तोच उचलतो, जो जरा वाकडा, जखमी असल्यासारखा पोहतो. 1936 साली त्याने बुचाचे लाकूड कोरून तसाच डुलणारा मासा बनवला. त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद चढवला आणि फोटोच्या फिल्म वितळवून तिचा लेप दिला. हे सारे त्याने घरातल्या पोरांच्या पोटासाठी केले. पुढे कंपनी झाली, व्यापार झाला, खेळ झाला. पण या घराण्यातला एक नामांकित पूर्वज भुकेतून जन्मला, ही गोष्ट आपण लक्षात ठेवली पाहिजे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. इमाम बुखारी यांच्याविषयी एक किस्सा नेहमी सांगितला जातो. हदीस गोळा करण्यासाठी ते दूरच्या एका माणसाकडे गेले. तो माणूस पदराची रिकामी ओंजळ दाखवून आपल्या पळालेल्या घोड्याला बोलावत होता. जणू तीत दाणा आहे. जो जनावराला फसवतो त्याच्याकडून हदीस घ्यायची नाही, म्हणून इमामसाहेब आल्या पावली परतले. किस्सा किती पक्का हे जाणकारांनी ठरवावे, त्यातला मुद्दा मात्र पक्का आहे. हा मुद्दा गळाला लावला तर सगळी मासेमारी हराम ठरेल. आणि पाण्यातली शिकार तर कुरआनने हलाल ठरवली आहे. मग मेळ कसा बसायचा?

आम्हाला वाटते, फरक विश्वासाचा आहे. घोडा त्या माणसाचा होता. त्याच ओंजळीतून त्याने अनेकदा दाणा खाल्ला असणार. रिकामी ओंजळ म्हणजे त्या जुन्या करारावर घाव. धरणातल्या मरळीने आपल्या हातून कधी काही खाल्लेले नाही. तिचा-आपला कोणताही करार नाही. ती स्वतः शिकारी आहे, दबा धरून बसते, बेडकाला चाहूल लागू देत नाही. कुरआनात शनिवारवाल्यांचा किस्सा येतो, त्यातूनही हेच दिसते. समुद्रकाठच्या त्या लोकांना शनिवारी शिकारीची मनाई होती आणि मासे नेमके शनिवारीच वर येत. तेव्हा त्यांनी आदल्या दिवशी सापळे लावून दुसऱ्या दिवशी मासे उचलण्याची शक्कल काढली, असे तफसीरकार सांगतात. त्यांची पकड झाली ती माशांना फसवल्याबद्दल नव्हे. दिलेल्या वचनाला त्यांनी फसवले होते. खोटेपणा दोघांमध्ये भरवसा असला तरच होतो. तेव्हा त्या मुलाला पहिले उत्तर असे, की बाबा, लाकडाचा मासा हे खोटे बोलणे नव्हे.

उलट हिशेब मांडला तर खोटे आमिष खऱ्या आमिषापेक्षा सौम्य ठरते. मरळीसाठी कित्येक जण जिवंत बेडूक गळाला टोचतात. तो पाण्यावर तडफडत राहतो, ती तडफडच आमिष असते. गांडूळही जिवंतच टोचले जाते. जिवंत किडा गळाला लावणे अनेक मुफ्तींनी मकरूह सांगितले आहे, ते याचसाठी. एक जीव खाण्यासाठी घ्यायचा तर त्याआधी दुसऱ्याला छळायचे कशाला? प्लास्टिकचा मासा खोटा आहे, पण त्याला दुखत नाही. खरेपणा आणि दया यांची वाट दर वेळी एकच नसते, हे येथे कळते.

मात्र आमिषाची बाजू सुटली म्हणून गळवाल्याची सुटका झाली, असे नाही. माशाला जबह लागत नाही, ही आपल्याला मिळालेली सवलत आहे. सवलतीचा आपण अर्थ असा लावला की माशाच्या मरणाकडे बघायचीच गरज नाही. पैगंबरांनी (स.) जबह करताना सुरी धारदार करायला आणि जनावराला आराम द्यायला सांगितले, त्याच शिकवणीत प्रत्येक गोष्टीत एहसान, म्हणजे उत्तम रीत, पाळण्याचा हुकूम आहे. मरळ हवेतून श्वास घेऊ शकते, म्हणून पाण्याबाहेर काही तास जगते. बाजारात ती घमेल्यात जिवंत विकली जाते ती त्यामुळेच. पोत्यात टाकलेली मरळ संध्याकाळपर्यंत हळूहळू मरत असते आणि आपण काठावर चहा पीत असतो. 2003 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी ट्राउट माशाच्या डोक्यात व ओठांभोवती वेदना टिपणारे मज्जातंतू असल्याचे दाखवले. ओठांत दाहक द्रव टोचल्यावर काही मासे तोंड खड्यांवर घासत होते. माशाला आपल्यासारखे दुःख होते का, हा वाद शास्त्रज्ञांत अजून चालू आहे. पण नेमका ओठात गळ घुसवणाऱ्याने हा वाद मिटेपर्यंत बेफिकीर राहावे काय?

म्हणून साधनांची निवड ही नुसती कौशल्याची बाब राहत नाही. बारीक तंगुसाने क्रँकबेट खोल जाते खरे, पण बाभळीच्या खोडांत तेच तंगूस तुटते आणि मासा तोंडात सहा टोके घेऊन निघून जातो. मग तो आपला मासा राहत नाही आणि धड पाण्याचाही राहत नाही. मऊ, लवचिक काठीने माशाचे तोंड फाटत नाही. तिहेरी गळ काढून एकेरी लावता येतो. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकला तर गळ सहज निघतो. एखादा मासा सुटेल, त्याला हरकत नसावी. नुसता पकडून, फोटो काढून सोडून देणारेही आहेत. त्यांना वाटते आपण दया केली. स्वित्झर्लंडने 2008 च्या नियमांत, सोडून देण्याच्याच इराद्याने मासा पकडणे वर्ज्य केले. जिवंत प्राण्याला खेळाचे निशाण करू नये, ही शिकवण आपल्याकडे चौदाशे वर्षांपासून आहे. लहान मासा परत सोडणे वेगळे आणि मुळात सोडण्यासाठीच टोचणे वेगळे.

इथवर सर्व हिशेब भुकेचा होता. पण एक जागा अशी आहे की जिथे आमच्या मते गळ थांबलाच पाहिजे. पावसाळ्यात मरळीची पिल्ले पाण्यावर तांबूस-नारिंगी गोळा करून फिरतात. आई-बाप खाली पहारा देतात. मुरलेला गळवाला हा गोळा हेरतो आणि आमिष बरोबर त्यातून ओढतो. मरळ तुटून पडते. तिला भूक लागलेली नसते, तिला पिल्ले वाचवायची असतात. अमेरिकेतल्या बासचेही असेच आहे. तिथे नर घरटे राखतो, जवळ आलेल्या प्रत्येक वस्तूवर धावून जातो आणि हे ठाऊक असलेले लोक क्रँकबेट घरट्यावरूनच ओढतात. राखणदार गेला की बाकीचे मासे पिल्ले फस्त करतात. एका गळाने एक मासा येत नाही, एक अख्खे घर बुडते.

एका सफरीत सहाबींनी एका पक्षिणीची पिल्ले उचलली होती. ती पंख फडफडवीत आली. हिला कुणी दुखावले असे विचारून पैगंबरांनी (स.) पिल्ले परत ठेवायला लावली. पक्षी खाणे हलाल आहे, तरीही. भुकेला फसवणे एक गोष्ट आणि मायेला फसवणे दुसरी. पहिल्यात शिकारी शिकाऱ्याला भेटतो. दुसऱ्यात आपण समोरच्याच्या सर्वांत चांगल्या गुणाचा फास करतो.

बीड जिल्ह्यात राहून हा विचार पाण्यापाशी थांबत नाही. दसऱ्याच्या आसपास मुकादम उचल घेऊन गावात येतो. उचल खोटी नसते, नोटा खऱ्या असतात. गळावरचे गांडूळही खरेच असते. जोडप्याला इथे ‘कोयता’ म्हणून मोजतात. ते उचल घेतात ती चैनीसाठी नाही, तर मुलीच्या लग्नासाठी, म्हाताऱ्याच्या आजारपणासाठी, मागच्या वर्षीचे देणे फेडण्यासाठी. मग सहा-सहा महिने उसाच्या फडात, पाचटाच्या खोपीत. शाळेतली बाके रिकामी पडतात. मुकादमाच्या मानेवरही वरच्या कुणाचा गळ असतो, म्हणून एकट्यालाच दोष देऊन भागत नाही. पण भाषेने ‘गळाला लागला’ असे म्हणताना लोभी माणूस डोळ्यांपुढे ठेवला, तो आम्हाला इथे फारसा दिसत नाही. गळाला लागतात ते बहुधा लेकराबाळांचे आई-बाप.

म्हणून त्या वर्गाला आमचे दुसरे उत्तर असे. मासा जरूर पकडा. काठी मऊ घ्या, तंगूस मजबूत घ्या, गळ एकेरी ठेवा, काटा दाबून टाका. घरात शिजेल तेवढेच आणा आणि आणलेल्याला पोत्यात तडफडत ठेवू नका, लगेच मोकळे करा. पाण्यावर तांबूस गोळा दिसला की चकरी फिरवून आमिष बाहेर काढा आणि दुसरीकडे बसा. काठावर हे बघायला कोणी नसते. मासा फिर्याद करीत नाही, सोबतीही थट्टा करतील. मोठेपणी तुमच्यापैकी कुणी दुकानदार होईल, कुणी ठेकेदार, कुणी आमच्यासारखा मास्तर. समोरच्याची गरज कुठे दुखते हे तेव्हाही दिसेल आणि हातात तेव्हाही काहीतरी असेलच. धरणाच्या काठी एकदा चकरी आवरायची सवय लागली, तर तिथेही हात आपोआप थांबेल, एवढीच आमची आशा आहे.