नाबोथाच्या मुलाचा प्रश्न

बारडोलीत नाबोथाची गोष्ट फार समजावून सांगावी लागत नाही. सरकारने सारा 22 टक्के वाढवला, 1928 साली शेतकऱ्यांनी तो भरला नाही, जमिनी जप्त झाल्या. वाडवडिलांची जमीन म्हणजे काय, हे इथल्या मुलांना घरी ऐकून ठाऊक असते. तरी मागे संडे स्कूलमध्ये एका मुलाने विचारले, "आणि नाबोथाच्या मुलालाच मळा विकायचा असता तर?" मी त्याला 2 राजे 9 दाखवले, मुलेही मारली गेली होती. पण हे उत्तर नव्हे, पळवाट, हे मला तेव्हाच कळले.

हा प्रश्न कोकणात आज खराखुरा उभा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतेक रान सरकारचे नाही. ते घराघरांच्या सातबाऱ्यावर आहे. आजारपण आले, मुलांची फी भरायची झाली, की लाकूडवाल्याला निरोप जातो. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था देवरुख-संगमेश्वर भागात अशा मालकांशी करार करते. मालकी तुमचीच, रान ठराविक वर्षे तोडायचे नाही, त्याचा मोबदला घ्या. जुन्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश घरटे करतो. ती झाडे राखून त्यांची फळे विकण्याची वाटही तिने दाखवली.

अमेरिकेत याहून पुढे जातात. तेथे मालक तोडण्याचा व बांधण्याचा हक्क दस्ताने कायमचा सोडू शकतो आणि तो दस्त पुढच्या प्रत्येक मालकाला लागू राहतो. आपल्या 1882 च्या कायद्यात सुविधाधिकार दुसऱ्या जमिनीच्या उपभोगासाठीच असावा लागतो. पाखरांच्या नावे सातबारा नसतो!

मेलेल्या बापाने जिवंत मुलाचे हात बांधावेत काय? माझे मन प्रथम मुलाकडे झुकले. लेवीय 25 मध्ये जमिनीची विक्रीसुद्धा कायमची नाही. योबेल वर्षी वतन परत. कोणत्याही एका पिढीचा शब्द शेवटचा नाही. पण मग तोडणाऱ्यालाही हेच विचारले पाहिजे. शंभर वर्षांचा बेहडा एका दुपारी पडतो. त्याने नातवाला विचारले होते काय? कराराची मुदत संपते, त्यावर पुन्हा बोलणी होतात. पडलेल्या झाडाशी कसली बोलणी?

म्हणून मला मुदतीचा करार बरा वाटतो, पण मोबदला पुरेसा हवा. किंमत दिली म्हणजे न्याय झाला असे नाही, अहाबही किंमत देतच होता. तथापि काहीच न देता, उपासनेत सृष्टीसाठी प्रार्थना करून, फीसाठी रान विकणाऱ्या भावाला पापी ठरवणे हे मला अहाबाहून फार वेगळे वाटत नाही.

संगमेश्वरकडून माझ्या मेव्हण्याचे पत्र आले आहे. त्याच्या कराराची मुदत संपत आली. मुलीला नर्सिंगला घालायचे आहे. लाकूडवाला दोनदा येऊन गेला. पत्र मी रविवारी पास्टरेट कमिटीपुढे ठेवणार आहे.