सवड

“बाबा ना? ते काय, घरीच असतात!”

सूनबाई फोनवर कुणाला तरी सांगत होती. पार्सल घेऊन येणारा मुलगा असावा. तिच्या स्वरात नाराजी नव्हती, उपहास तर मुळीच नव्हता. घरात कुणीतरी हमखास आहे ह्याचा दिलासाच होता म्हणा ना! शिवाय वाक्य शंभर टक्के खरे. सहा वर्षांपूर्वी मी नोकरीतून निवृत्त झालो आणि तेव्हापासून मी घरीच असतो. तरीसुद्धा मऊ भातात खडा लागावा, तसे ते वाक्य मला लागले.

आमच्या दाराशेजारी भिंतीवर खिळे ठोकलेली एक फळी आहे. तिच्यावर आजूबाजूच्या चार बिऱ्हाडांच्या किल्ल्या लोंबत असतात. कुणाची मोलकरीण यायची असते, कुणाचा गॅसचा सिलिंडर यायचा असतो, कुणाचा मुलगा शाळेतून लवकर सुटणार असतो. “तुमच्याकडे ठेवते हं किल्ली, तुम्ही असताच!” असे म्हणून जो तो निश्चिंतपणे आपापल्या कामाला जातो. पहिली दोन वर्षे ह्या फळीचा मला मोठा अभिमान वाटे. लोकांचा आपल्यावर केवढा हा विश्वास! पुढे पुढे मनात एक शंका डोकावू लागली. हा विश्वास माझ्या सचोटीवर आहे, की माझ्या रिकामपणावर?

ह्या शंकेला माझ्या नोकरीचीही पार्श्वभूमी आहे. मी चौतीस वर्षे एसटीत होतो. त्यांतली शेवटची वीस वाहतूक नियंत्रक म्हणून, नगरच्या स्टँडवर. आमच्या शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण म्हाताऱ्या जिभेवर अजून ‘नगर’च बसलेले आहे. महाराष्ट्रातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी धावली ती पुणे आणि नगर यांच्यामधल्या रस्त्यावर, ह्या गोष्टीचा आम्हा नगरच्या एसटीवाल्यांना कोण अभिमान! त्या स्टँडवरच्या खिडकीत मी बसलेला असे. कंडक्टर येऊन वेळेची नोंद करून घेत, उतारू खिडकीत डोके घालून “साहेब, शेवगाव कधी?” म्हणून विचारत आणि मी ध्वनिक्षेपकावरून जे बोले त्यावर शेपन्नास माणसे पिशव्या उचलून धावत सुटत. वेळ म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होते. वेळ माझ्या समोरच्या तक्त्यावर लिहिलेली असे. आणि एका ३१ तारखेला संध्याकाळी हार, नारळ, शाल घेऊन मी घरी आलो, तो दुसऱ्या दिवसापासून माझ्या तक्त्यावर एकही गाडी नव्हती.

आपल्या मराठीत वेळेचे काय काय करता येते पाहा! वेळ घालवता येतो, काढता येतो, मारून नेता येते, साधता येते. कधी ती येते, कधी टळते. आणि एवढे सगळे करूनही निवृत्त माणसाचा वेळ ‘जात’ मात्र नाही. आमच्या शेजारचे तात्या शाळामास्तर होते. ते मला अजून ‘कंट्रोलरसाहेब’ म्हणतात. एकदा मी त्यांच्यापाशी माझे गाऱ्हाणे मांडले. तात्या हसून म्हणाले, “अहो कंट्रोलरसाहेब, निवृत्ती ह्या शब्दाला इतके का भिता? शके १२१२ मध्ये इथे आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली. ती ज्यांच्या आज्ञेने झाली त्या थोरल्या भावाचे नावच निवृत्ती! धाकट्याकडून नऊ हजार ओव्यांचे काम करून घेणारा माणूस रिकामा म्हणायचा का?” तात्यांची कोटी मला आवडली. पण माझ्या घरी ओव्या रचणारा कुणी धाकटा भाऊ नव्हता. विजेचे बिल, नातवाची रिक्षा आणि किल्ल्यांची फळी, एवढाच काय तो माझा संसार उरला होता.

ज्या दिवशी सूनबाईचे ते वाक्य कानांवर आले, त्याच दिवशी दुपारी माझ्या मित्राचा फोन आला.

हा मित्र म्हणजे आमच्या मंडळीतला तबलजी. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरात १८३१ साली सुरू झाले, त्यामुळे आमची ख्रिस्ती वस्ती इथे चांगली जुनी. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची बरीच वर्षे ह्याच गावात गेली, आणि त्यांची भजने आमच्या उपासनेत अजून पेटी-तबल्यावरच म्हटली जातात. चाळीस वर्षे दर रविवारी मी पेटी धरली आणि त्याने तबला. आम्ही तरुण संघात बरोबर होतो, एकमेकांच्या लग्नांत वऱ्हाडी होतो, एकमेकांच्या आईवडिलांच्या पेट्यांना खांदा दिलेला. अलीकडे काचबिंदूने त्याची नजर गेल्यासारखीच झाली होती. बोटे मात्र तशीच शाबूत.

“ये की रे संध्याकाळी,” तो म्हणाला. “थोडं बोलायचं होतं.”

आणि मी काय उत्तर दिले असेल? मी म्हणालो, “अरे, ह्या आठवड्यात मुळीच सवड नाही बघ. फार कामात आहे.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, “बरं. सवडीनं ये.”

फोन ठेवताना मला विलक्षण बरे वाटले, हे मी कबूल करतो. सहा वर्षांत पहिल्यांदाच मी कुणाला तरी ‘सवड नाही’ म्हटले होते! खिडकीतला जुना कंट्रोलर जणू पुन्हा खुर्चीवर बसला. आता त्या आठवड्यातल्या माझ्या ‘कामां’ची नोंदही, सवयीप्रमाणे, प्रामाणिकपणे देतो. सोमवारी रद्दी लावली. मंगळवारी तीच रद्दी पुन्हा लावली, कारण पुरवण्या वेगळ्या काढायच्या राहिल्या होत्या. बुधवारी गच्चीतल्या कुंड्यांची जागा बदलली. गुरुवारी काय केले ते आठवत नाही. शुक्रवारी त्याच्या घरावरून जाणाऱ्या रस्त्याने भाजी आणायला गेलो आणि येताना दुसऱ्या रस्त्याने आलो. कारण ‘फार कामात’ असलेला माणूस हातात मेथीची जुडी घेऊन दारात कसा उभा राहणार?

रविवारी उपासनेला गेलो तर तबल्यापाशी त्याची जागा रिकामी. पाळकसाहेबांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना सुरू केली आणि तिच्यात त्याचे नाव आले. शनिवारी पहाटे त्याला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली. वाचाही गेली.

पुढे तात्यांना मी ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी माझी समजूत घातली. “तुम्ही गेला असतात तर काय झटका टळला असता? उगीच मनाला लावून घेऊ नका.” तात्यांचे म्हणणे खरे होते. पण हिशेब झटक्याचा नव्हताच. त्याला ‘थोडं बोलायचं होतं’. ते काय होते, हे आता त्याला सांगता येत नाही आणि मला कधी कळणार नाही. हिशेब आहे तो एवढ्याचाच.

तेव्हापासून मी एकाच प्रश्नाभोवती घुटमळतो आहे. मी खोटे का बोललो, हे मला कळते. मला बोचले होते, आणि कुणाला तरी आपली किंमत दाखवावी असे वाटत होते. पण मी खोटे बोललो ते कुणाशी? पार्सलवाल्याला मी म्हणू शकलो नाही की मला सवड नाही. किल्ली ठेवणाऱ्या शेजारणीला म्हणू शकलो नाही. सूनबाईला तर नाहीच नाही. ज्यांच्यामुळे मन दुखावले, त्यांच्यापुढे मी निमूट. आणि ज्याने चाळीस वर्षांत माझ्याकडे एक संध्याकाळ मागितली, त्याच्यापुढे माझा सगळा ताठा! मला वाटते, माणसाचा अहंकार हा मोठा भित्रा प्राणी आहे. जिथे प्रेम असते, जिथे उलटून बोलले जाणार नाही अशी खात्री असते, तिथेच तो फणा काढतो.

शोमरोनी माणसाचा दाखला मी लहानपणापासून शेकडो वेळा ऐकला आहे. यरुशलेमेहून यरीहोला जाणाऱ्या एका वाटसरूला लुटारूंनी अर्धमेला करून टाकले. याजक आला, बाजूने निघून गेला. लेवी आला, तोही बाजूने निघून गेला. शोमरोनी मात्र थांबला. आम्ही नेहमी असे समजत आलो की, ते दोघे निर्दय आणि हा दयाळू. परवा तोच अध्याय पुन्हा वाचताना एक साधी गोष्ट प्रथमच ध्यानात आली. शोमरोनीसुद्धा रिकामा नव्हता! तोही प्रवासाला निघालेला होता. जखमीला त्याने उतारशाळेत नेले, रात्रभर त्याची काळजी घेतली आणि दुसऱ्या दिवशी दोन दिवसांच्या मजुरीएवढी दोन नाणी मालकाच्या हातावर ठेवून, परत येताना बाकीचे देतो असे सांगून तो आपल्या वाटेला लागला. म्हणजे त्याच्याही तक्त्यावर गाडी होती. त्याने ती चुकवली नाही. थोडी उशिरा सोडली, इतकेच. दयेची गोष्ट तर आहेच. पण ती सवडीचीही गोष्ट आहे.

आणि सवड म्हणजे शिल्लक राहिलेला वेळ नव्हे, हे मला आमच्या घरातच कळायला हवे होते. आमची सौ. जन्मात कधी निवृत्त झाली नाही. पहाटे पाचला तिची पहिली गाडी सुटते. पण ती लसूण सोलत असताना शेजारची सून येऊन तिच्यापाशी रडून गेलेली मी पाहिली आहे. चकलीचा सोऱ्या हातात असताना तिने नातवाचे भांडण ऐकून घेतलेले पाहिले आहे. “मला वेळ नाही” असे ती दिवसातून दहा वेळा म्हणते, पण माणूस समोर आले की ते वाक्य तिला आठवत नाही. उलट माझ्यापाशी वेळ पोत्याने आणि सवड चिमूटभरही नाही! वेळ घड्याळात असतो. सवड मनात असावी लागते.

ह्यावर कुणी म्हणेल, मग म्हाताऱ्या माणसाने काय सगळ्यांना होकारच देत बसावे? त्याला स्वतःचे काही आयुष्य आहे की नाही? आहे, जरूर आहे. नकार देणे हे पाप नव्हे. किल्ल्यांच्या फळीला मी उद्या नाही म्हटले तर त्यात काही अधर्म होणार नाही. पण नकार खरा असावा. मी त्या दिवशी म्हणालो असतो, “अरे, आज मन बरं नाही, घरातल्या एका शब्दानं खट्टू झालोय,” तर तो नक्की म्हणाला असता, “माझंही बरं नाही, म्हणूनच ये!” खऱ्या नकारातून वाट निघते. ‘सवड नाही’ ह्या प्रतिष्ठित खोट्याने मात्र दोन्हीकडची दारे एकदम लागतात. समोरच्याला रागही धरता येत नाही. त्याला फक्त “सवडीनं ये” एवढेच म्हणता येते.

आता मी रोज संध्याकाळी पाच वाजता त्याच्याकडे जातो. वर्तमानपत्र वाचून दाखवतो, कधी भजनांचे पुस्तक उघडून हलक्या आवाजात म्हणतो. कधी कधी त्याचा डावा हात चादरीवर हलतो. तो ताल धरतो आहे, की नुसताच हलतो आहे, हे मला सांगता येणार नाही, आणि हल्ली मी ते ठरवण्याची घाईही करीत नाही. पहिले काही दिवस मी त्याच्या तोंडाकडे बघून अंदाज करीत असे, काय सांगायचे असेल बरे? पैशाचे? मुलाचे? मरणाचे? एके दिवशी त्याची बायको म्हणाली, “भावजी, तुम्ही आलात की हे शांत असतात.” तेव्हा वाटले, ‘थोडं बोलायचं होतं’ म्हणजे कदाचित तेवढेच असेल. म्हातारी माणसे काही सांगायलाच बोलावतात असे थोडेच आहे? पण हे मी माझ्या सोयीसाठी मानतो आहे की काय, अशी शंकाही येतेच. ती तशीच असू द्यावी.

आज दिवाळी. सकाळीच तात्यांच्या घरून फराळाचे ताट आले. नाताळात आमच्याकडून करंज्या-चकल्या तिकडे जातात, त्याची ही पन्नास वर्षांची परतफेड. त्यातले दोन बेसनाचे लाडू मी डब्यात बाजूला काढले आहेत. मित्राला मऊच लागते. एवढ्यात फोन वाजला आणि आतून सूनबाईचा आवाज आला, “नाही हो, पाच ते सात बाबा घरी नसतात. सातनंतर या.”

दाराशी चप्पल घालता घालता मी ते ऐकले. फळीवरच्या चार किल्ल्यांकडे एकवार पाहिले, त्या तात्यांकडे नेऊन दिल्या, आणि डबा घेऊन निघालो.