पाहणाऱ्याचा वांटा

परवां कीर्तन आटोपून एका वृद्ध गृहस्थांकडे फराळास गेलों. घरांत टी.व्ही.वर ‘स्प्लिट्सव्हिला’ चालू होतें. तरुण मुलगे-मुली एका जागीं राहतात, जोड्या जमवितात, मोडतात, आणि शेवटीं जी जोडी टिकेल ती जिंकते. गृहस्थ म्हणाले, “महाराज, बघा या पोरींना! लाज म्हणून उरली नाहीं.” मीं विचारलें, “अण्णा, किती दिवस बघतां हें?” म्हणाले, “रोज बघतों. बघितल्याशिवाय कळणार कसें?”

वाचकहो, हंसूं नका. अण्णांचें उत्तर तुमचें-आमचें सर्वांचेंच आहे.

असला खेळ वाईट, याबद्दल वाद नाहीं. अमेरिकेंत २००२ सालीं ‘द बॅचलर’ निघाला. एक पुरुष, २५ स्त्रिया, आणि ज्या आवडल्या त्यांच्या हातीं गुलाब. आपल्याकडे ‘स्प्लिट्सव्हिला’ २००८ सालीं आलें. प्रीति ही चव्हाट्यावर मांडायची वस्तु नव्हे. पण समाज बिघडतो तो केवळ मांडणाऱ्यांमुळें, कीं पाहणाऱ्यांमुळेंहि, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठीं जपानांत घडलेली एक गोष्ट सांगतों.

तेथें ‘टेरेस हाऊस’ नांवाचा असाच कार्यक्रम होता. तीन तरुण, तीन तरुणी एका घरांत राहत, आणि त्यांचें रुसणें, बोलणें, प्रेम जुळणें लोक घरबसल्या पाहत. त्यांत हाना किमुरा ही २२ वर्षांची कुस्तीगीर मुलगी होती. तिचा कुस्तीचा पोषाख घरांतल्या एका मुलाच्या हातून धुण्यांत आटला. ती संतापली, आणि त्याच्या डोक्यावरची टोपी तिनें उडविली. झालें एवढेंच! पण तें पाहून पुष्कळांनीं समाजमाध्यमांवर तिला शिव्याशाप दिले. २३ मे २०२० रोजीं त्या लेकरानें आपला जीव दिला. कार्यक्रम बंद पडला. एका निंदकाला ९,००० येन दंड झाला. पुढें २०२२ सालीं जपाननें अपमानाच्या गुन्ह्याची शिक्षा एक वर्ष कैदेपर्यंत वाढविली. पोर मात्र गेली ती गेलीच.

तिला शिव्या देणारे स्वतःला नीतीचे रखवालदारच समजत असतील!

पातंजल योगसूत्रांत हिंसा तीन प्रकारची सांगितली आहे: कृत, कारित आणि अनुमोदित. आपण केलेली, दुसऱ्याकडून करविलेली, आणि दुसऱ्याच्या कृत्याला मान डोलावून झालेली. शिवी लिहिणाऱ्याची कृत. पैशाच्या लोभानें भांडणें रंगवून दाखविणाऱ्याची कारित. आणि बघत बसणाऱ्याची अनुमोदित. कोणी म्हणेल, “आम्ही तर नांवें ठेवतों, अनुमोदन कसलें?” अहो, हा दुकानदार गिऱ्हाइकाचे डोळे मोजतो, त्याचें मत विचारीत नाहीं. टाळ्या वाजवीत बघणारा आणि नांवें ठेवीत बघणारा, दोघेहि एकाच वहींत जमा. जाहिरातीचा पैसा त्या बेरजेवर मिळतो.

दुसऱ्याला कशाला बोलूं? मीहि कीर्तनांत असल्या मुलींच्या बोलण्याची नक्कल करून हंशा मिळविला आहे. समोर कोणाची तरी लेक बसली आहे, एवढेंहि भान मला राहिलें नाहीं. हानाची हकीकत कळली तेव्हांपासून ती नक्कल सोडली.

त्या रात्रीं अण्णांना एवढेंच म्हणालों, “पटत नसेल तर बंद करा. बघितलेंच, तर ती पोर आपल्या घरची समजून तोंड उघडा.”

अण्णा म्हणाले, “मग बोलायचें तरी काय, महाराज?”

याचें उत्तर ज्यानें त्यानें आपल्या घरीं शोधावें. समाजाची चिंता वाहणाऱ्यानें आरंभ तेथूनच करावा.