सिस्टरच्या हातात काय असतं

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. दोघींनी मिळून चादरीसकट उचलायचं, ओढायचं नाही, कारण ओढलं की कातडी घासते. माकडहाड, टाचा, खांदे, कानाची पाळी, सगळं नीट पाहायचं. कुठे लालसर दिसलं आणि बोटाने दाबून सोडल्यावरही लाली तशीच राहिली, तर समजायचं की बेडसोअरची सुरुवात झाली. मग पाठ पुसून कोरडी करायची, चादरीची सुरकुती न् सुरकुती काढायची, दोन गुडघ्यांमध्ये उशी द्यायची. दिवसरात्रीत हे बारा वेळा. आणि इतकं सगळं चोख केल्यावर दिसतं काय? काहीच नाही. पाठ होती तशी राहते.

परिचारिकेच्या कामाचा फार मोठा भाग असाच असतो. नीट झालं तर कुणाला कळत नाही, राहून गेलं तर सगळ्यांना दिसतं. घरी जाणारा रुग्ण डॉक्टरांच्या पाया पडतो, पण न झालेल्या जखमेबद्दल कोण कुणाचे आभार मानणार? त्यामुळे या कामातलं समाधान कामातूनच मिळवावं लागतं. आपण करायला हवं होतं ते नीट केलं, हे जिचं तिलाच ठाऊक असतं. नर्सेसच्या ताणाविषयी बोलताना नाईट ड्युटी, नातेवाइकांची अरेरावी, मृत्यू सतत जवळून पाहणं ही कारणं पुढे येतात, आणि ती खरीच आहेत. पण मला वाटतं, मूळ त्याहून खोल आहे. आजारी माणसांची शुश्रूषा केल्याने ही बाई थकते, पण ती आतून मोडते ती शुश्रूषा करता न आल्याने.

काही वर्षांपूर्वी आईबरोबर एका सरकारी रुग्णालयात, बायकांच्या मेडिकल वॉर्डात रात्री राहायची वेळ आली होती. खाटांवर आणि खाली गाद्यांवर मिळून चाळीसेक रुग्ण, एक सिस्टर आणि एक विद्यार्थिनी. हँडओव्हर घेऊन सिस्टर औषधांच्या ट्रॉलीमागे लागली, ती संपेपर्यंत दहाची इंजेक्शनं आली. मधेच ब्लड बँकेला फोन, संपत आलेल्या ऑक्सिजन सिलेंडरसाठी वॉर्डबॉयला हाका, एक नवी ॲडमिशन, एक मृत्यू आणि त्याचे कागद. पहाटे तीनच्या सुमारास ती खाली बसली, ती रजिस्टरं भरायला. शेजारच्या खाटेवर पक्षाघाताची एक म्हातारी होती. तिची कूस कशी बदलायची हे सिस्टरने तिच्या सुनेला दोन मिनिटांत दाखवलं आणि पुढे गेली. जाताना थांबून म्हणाली, “मला येतं हो सगळं. करायला मिळत नाही.”

या अवस्थेला अभ्यासकांनी नाव दिलेलं आहे. अँड्र्यू जेमटन या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९८४ मध्ये नर्सिंगच्या नीतीवर पुस्तक लिहिलं, त्यात तो याला नैतिक क्लेश म्हणतो. योग्य काय ते माणसाला पक्कं ठाऊक असतं, पण संस्थेची घडीच अशी असते की ते करणं जवळजवळ अशक्य होतं. त्या रात्रीच्या सिस्टरला काय करायला हवं हे शिकवायची गरज नव्हती. तरीही रुग्णालयं अशा बायकांसाठी ताण कसा हाताळावा यावर व्याख्यानं ठेवतात, प्राणायाम शिकवतात. प्राणायाम चांगलाच आहे, पण चाळीस रुग्णांना त्याने दुसरी सिस्टर मिळत नाही.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो की शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, इतरत्र पाचांमागे एक, आणि रजेवरच्यांची जागा भरायला तीस टक्के जादा. निकष कागदावर आहे. त्याची किंमत काय असते हे लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मोजून दाखवलं. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांच्या त्या अभ्यासात दिसलं की नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा महिन्याभरात मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, नर्स कामाने पोळून निघण्याची तेवीस टक्क्यांनी आणि तिच्या असमाधानाची पंधरा टक्क्यांनी. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की तिन्ही आकडे एकाच दिशेने जातात. सिस्टरचं समाधान हा कर्मचारी कल्याणाचा किरकोळ विषय आहे आणि रुग्णाचा जीव हा खरा विषय, अशी वाटणी करताच येत नाही.

पण नुसत्या संख्येने प्रश्न सुटेल असंही नाही. इसाबेल मेन्झीस या मनोविश्लेषक बाईंनी १९५०च्या दशकाअखेर लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयाचा अभ्यास केला. शिकाऊ नर्सेस मोठ्या संख्येने काम का सोडतात, हा प्रश्न होता. त्यांना आढळलं की कामाचे बारीक तुकडे केलेले होते. एकीने सगळ्यांचं तापमान घ्यायचं, दुसरीने सगळ्यांना बेडपॅन द्यायची. रुग्णाला नावाने ओळखायचं नाही, खाटेच्या नंबराने किंवा आजाराने ओळखायचं. मुलींना सतत या वॉर्डातून त्या वॉर्डात हलवायचं. हेतू वाईट नव्हता. रुग्णाशी जवळीक झाली नाही तर त्याच्या दुःखाचा, मृत्यूचा त्रासही होणार नाही, असा तो न बोललेला हिशेब होता. प्रत्यक्षात भीती होती तिथेच राहिली आणि ज्यासाठी त्या मुली या व्यवसायात आल्या होत्या तेवढं मात्र गेलं. आपल्याकडे हा अभ्यास फारसा कुणी वाचलेला नसेल, पण “अकरा नंबरला सलाईन लावलं का?” हा प्रश्न कुठल्याही वॉर्डात ऐकू येतो.

याच्या अगदी उलट जे घडलं, ते मुंबईच्या केईएम रुग्णालयात. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेलेल्या अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ला त्या गेल्या, तोवर जवळजवळ बेचाळीस वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. ज्यांनी सुरुवात केली त्या निवृत्त झाल्या. १९७३ मध्ये ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा मुलींनी पुढे ते काम घेतलं. अरुणांना मासे आवडतात, हे एकीने दुसरीला सांगितलं. त्यांना बेडसोअर होऊ दिला नाही, याची तर देशभर वाखाणणी झाली.

हे सगळं आपण सेवाभावाच्या खात्यात टाकतो आणि हात जोडतो. मला त्यात दुसरंही काही दिसतं. त्या खोलीत काय करायचं, हे परिचारिका ठरवत होत्या. एक माणूस, नावानिशी ओळखीचं, वर्षानुवर्षं त्यांच्या ताब्यात होतं. महापालिकेने १९८०च्या दशकात अरुणांना तिथून हलवायचा प्रयत्न केला तेव्हा परिचारिका आडव्या आल्या आणि प्रशासनाला माघार घ्यावी लागली. पुढे पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणांच्या दयामरणासाठी याचिका केली. ७ मार्च २०११च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांना इतकी वर्षं सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे. दयामरणाबद्दल दुमत असू शकतं. पण या देशात परिचारिकांचा शब्द एखाद्या रुग्णाबाबत अखेरचा ठरला, असं मला दुसरं ठळक उदाहरण आठवत नाही. कसलाही भत्ता नसताना हे काम पिढ्यान् पिढ्या टिकलं, ते या हक्काच्या जोरावरही टिकलं, असं मी मानतो.

याच परिचारिकांनी १९७३ मध्ये संप केला होता, हे मात्र आपण सोयीस्कर विसरलो. अरुणांना न्याय मिळावा आणि आम्हाला कामाच्या ठिकाणी सुरक्षितता मिळावी, ही त्यांची मागणी होती. तळघरात जाऊन कपडे बदलावे लागत, यात त्या घटनेची अर्धी कहाणी आहे. २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका डॉक्टर तरुणीवर झालेल्या अत्याचारानंतर पुन्हा त्याच गोष्टींची चर्चा झाली: विश्रांतीची वेगळी खोली, स्वच्छतागृह, पुरेसा उजेड. शुश्रूषा करणाऱ्या नर्सेसचे फोटो आपण छापतो आणि संप करणाऱ्यांना रुग्णांची आठवण करून देतो. दोन्ही बायका एकच आहेत, आणि दोन्ही वेळा त्या एकाच गोष्टीसाठी उभ्या होत्या.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक याने १९७९ मध्ये मांडलेला एक विचार इथे लागू पडतो. काम खूप असणं हे एकट्याने माणसाला मोडत नाही. काम खूप आणि ते कसं करायचं हे ठरवण्याचा अधिकार जवळजवळ नाही, या जोडीने तो मोडतो. आपल्या वॉर्डात ही जोडी रोज दिसते. इंडेंट, म्हणजे औषधांचा मागणीअर्ज, सिस्टरने भरायचा, पण औषध येईल की नाही हे स्टोअर ठरवणार. खाट नसताना ॲडमिशन आली तर नाही म्हणायचा अधिकार तिला नाही, आणि नातेवाईक भांडायला आले की समोर तीच. ६ नोव्हेंबर २०२१ला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि कोरोनाचे अकरा रुग्ण दगावले. त्यानंतर पोलिसांनी अटक केली ती एका डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. त्या वेळी तिथे कोण कसं वागलं, हा न्यायालयाचा विषय. पण आगीपासून बचावाची यंत्रणा बसवणं किंवा तिच्यासाठी पैसे मंजूर करणं यातलं काहीही परिचारिकेच्या हातात नसतं. संघटनांनी त्या अटकेविरुद्ध आवाज उठवला तेव्हा अनेकांना तो आपल्या माणसांना पाठीशी घालण्याचा प्रकार वाटला. महाराष्ट्रभर नाईटवर असलेल्या सिस्टरांच्या मनात त्या दिवशी काय आलं असेल, याचा विचार फार थोड्यांनी केला.

खासगी क्षेत्रात तर पगारापासूनच सुरुवात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान वीस हजार मिळावेत आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार मिळावा. ती शिफारसच राहिली, कारण आरोग्य राज्यांच्या हाती आहे. केरळने संपांनंतर किमान वेतन वाढवलं. छोट्या नर्सिंग होममध्ये बारा तासांची ड्युटी करणारी मुलगी मात्र अनुभवाचं सर्टिफिकेट हाती पडायची वाट पाहते आणि मिळालं की आखाताचा नाही तर इंग्लंडचा रस्ता धरते. तिला देशप्रेम शिकवायला जाऊ नये.

मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा वादाचा मुख्य मुद्दा भरती बाह्यस्रोताकडून, म्हणजे ठेकेदारामार्फत, करण्याचा होता. पगाराइतकाच तो वॉर्डाचा प्रश्न होता. ठराविक महिन्यांच्या करारावर आलेली मुलगी औषध वेळेवर देईल, चार्ट भरेल, आणि जीव ओतूनही करेल. पण औषध संपलंय, सिलेंडर गळतोय, आज या वॉर्डात आणखी रुग्ण घेता येणार नाही, हे वरच्याला ठणकावून सांगण्याची हिंमत ती कुठून आणणार? तिचा करार पुढे चालवायचा की नाही हे तोच वरचा ठरवणार असतो. आणि ती बोलली नाही, तर वॉर्डात काय कमी आहे हे दुसऱ्या कुणाला कळायचा मार्ग नाही, कारण रात्रभर तिथे दुसरं कुणी नसतं.