वाहनांचं पुस्तक: नावाचा प्रश्न आणि कामाचा प्रश्न

बालशिक्षणाची आपल्याकडची चर्चा मोजणीत अडकली आहे. अमरावतीच्या राजापेठेत जा की अकोल्याच्या जठारपेठेत, अडीच वर्षांच्या लेकराला पाहुण्यांसमोर वाहनांचं पुस्तक उघडून दिलं जातं. पानावर बोट ठेवून आई विचारते, "बाळा, हे काय?" बस, ट्रक, क्रेन, हेलिकॉप्टर. वीसेक नावं धडाधड आली की लेकरू हुशार ठरतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा टप्पा पायाभूत मानला, हे उत्तमच झालं. पण पाया म्हणजे काय, याचं उत्तर आपण नावांच्या यादीत शोधू लागलो आहोत.

वाहनांचं पुस्तक मला फार मोलाचं वाटतं. वाहनाचं काम उघड्यावर चालतं. कुणीतरी ते हाकतं, त्यात काहीतरी भरलेलं असतं, ते कुठून तरी निघून कुठंतरी पोचतं. हेतू, कारण आणि परिणाम या तिन्ही गोष्टी इतक्या लहान वयात एकाच चित्रात दुसरीकडे क्वचितच सापडतात. मोबाइलवरचा व्हिडिओ हेच काम करतो, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की व्हिडिओ लेकराच्या प्रश्नासाठी थांबत नाही. वाहनं ही मुलग्यांचीच आवड, या मताची दखल घेण्याचंही कारण नाही.

दखल घ्यायची ती 'आधी शब्द, विचार मागाहून' या मताची. कारण ते शहाणपणाचं वाटतं आणि त्याला संशोधनाचा आधारही दिला जातो. बेटी हार्ट आणि टॉड रिझली यांनी अमेरिकेतल्या कॅन्सस इथल्या ४२ कुटुंबांचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध केला. गरीब घरातल्या मुलांच्या कानावर सुखवस्तू घरांपेक्षा कितीतरी कमी शब्द पडतात, हा त्याचा गाजलेला निष्कर्ष. त्यातून जगभर शब्द वाढवण्याची घाई सुरू झाली. पण २०१८ साली रेचल रोमिओ आणि सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांचा अभ्यास केला. मेंदूतल्या भाषेच्या भागाची सक्रियता त्यांना जोडलेली दिसली ती मोठ्यांच्या शब्दसंख्येशी नव्हे, तर मूल आणि मोठं माणूस यांच्यातल्या बोलण्याच्या देवाणघेवाणीशी. त्याआधी तीस वर्षं, १९८८ साली, ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी आईवडिलांना चित्रांच्या पुस्तकावर मोकळे प्रश्न विचारायला शिकवलं, तर महिन्याभरात त्या मुलांचं बोलणं पुढे गेलेलं आढळलं. म्हणजे शब्दच हवे असतील, तरी त्यांची वाट संभाषणातूनच जाते.

नावं लागतातच, हे मान्य. नाव नसेल तर बोलायचं कशाबद्दल? पण नाव सांगून झालं की पान संपतं, आणि खरं शिक्षण तिथून पुढे सुरू व्हायचं असतं.

कापूस भरलेल्या बंडीचं पान घ्या. चित्र बाजूने काढलेलं, त्यामुळे चाक एकच दिसतं. "हे काय?" "बंडी." संपलं. तेच "ही चालली कुठं?" असं विचारलं की लेकरू चित्र न्याहाळू लागतं. आत काय भरलंय, धुरकरी कुठं बसलाय, आणि एका चाकावर बंडी पडत कशी नाही? मग ते पान उलटून मागच्या बाजूला दुसरं चाक शोधतं. तिथं चाक नसतं, तरी बंडी उभीच असते. न दिसणारी वस्तू असू शकते, हे त्या लेकराला स्वतःच्या हाताने उमगतं. शंभर नावांच्या पाठांतरातून हे साधणार नाही.

शकुंतलेचंही तसंच. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी ही अरुंद रुळांची गाडी वऱ्हाडातल्या कित्येक घरांच्या आठवणीत आहे. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं तिचं वाफेचं इंजीन १९९४ पर्यंत धावलं. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे ज्या मँचेस्टरला जायचा, तिथलंच हे इंजीन. नावाच्या पानावर शकुंतला म्हणजे नुसती 'आगगाडी', बुलेट ट्रेनशेजारी ठेवली तर मागासलेलीच. कामाच्या पानावर आजी सांगू शकते की ही गाडी कापूस न्यायला आली, गार्डच खाली उतरून तिकिटं द्यायचा, आणि आता ती बंद आहे. "का बंद?" हा प्रश्न लेकरू विचारणारच. त्याचं सोपं उत्तर शोधणं हे मोठ्यांचं काम.

ओळखीच्या वस्तूंतून शिकवण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांचा संसार काही वर्षं अमरावतीत होता. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी परिसरातल्याच वस्तूंतून बालशिक्षण उभं केलं. तो वारसा सांगणाऱ्या अंगणवाडीच्या भिंतीवर आज नावांचा तक्ता तेवढा टांगून भागणार नाही.

म्हणून माझा आग्रह एकाच भेदाचा आहे. 'हे काय?' हा परीक्षेचा प्रश्न आहे. उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत असतं आणि लेकरालाही ते कळतं. 'ही कुठं चालली?' याचं उत्तर दोघांनाही शोधावं लागतं. पुस्तक महागडं की रद्दीतलं, मराठी की इंग्रजी, पानं जाड की पातळ, हे सारे मुद्दे यापुढे दुय्यम आहेत. पालकांनी, सेविकांनी आणि नर्सरीच्या शिक्षकांनी प्रत्येक पानावर कामाचा प्रश्न आधी विचारावा. नाव त्या बोलण्यात आपसूक येईल, आणि आलं की टिकेल.