उद्यानातील रात्र आणि शेजाऱ्याचा हक्क

“मौलाना, आमच्या इमारतीसमोरील महापालिकेच्या उद्यानात रात्री पंधरा-वीस माणसे झोपतात. पहाटे फिरायला जाणे मी बंद केले. मुलगी शिकवणीहून परतेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. त्यांना तेथून हटवावे, अशा अर्जावर मी सही केली तर गुनाहगार ठरेन का?” एका भगिनीचा हा प्रश्न शहरांतील अनेक घरांत विचारला जात असेल. त्याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही.

प्रथम हे स्पष्ट असावे की, भय वाटणे हा गुनाह नाही. सूरह कुरैशमध्ये अल्लाहने आपल्या दोन उपकारांचा एकत्र उल्लेख केला आहे : भुकेत अन्न दिले आणि भयापासून अभय दिले. ज्या धर्माने सुरक्षिततेला अन्नाच्या बरोबरीने मोजले, तो धर्म आईच्या काळजीला ‘निर्दयपणा’ म्हणून झिडकारणार नाही. मात्र अन्न आणि अभय या दोन्ही गोष्टी त्याच आयतीच्या आधारे उद्यानात झोपणाऱ्यालाही हव्या आहेत. बंद दाराआड झोपणाऱ्यापेक्षा उघड्यावर झोपणाऱ्याची, त्यातही स्त्रीची, रात्र अधिक भयाची असते.

भय गुनाह नसले, तरी भयातून उपजणाऱ्या संशयाला मर्यादा आहे. सूरह हुजुरातने बऱ्याचशा संशयांपासून दूर राहण्याची ताकीद दिली आहे, कारण काही संशय गुनाह ठरतात. सहीह बुखारीत ह. आयशा (रजि.) यांनी कथन केलेली एक घटना येथे आठवते. एका अरब कबिल्याने मुक्त केलेली एक काळी दासी त्यांच्यातच राहत होती. एके दिवशी त्यांच्या मुलीचा लाल चामड्याचा अलंकार हरवला. मांसाचा तुकडा समजून घारीने तो उचलून नेला होता. आळ आला तो या निराधार स्त्रीवर. तिची अत्यंत अपमानास्पद झडती घेतली गेली, आणि त्याच वेळी घारीने तो अलंकार सर्वांच्या देखत खाली टाकला. पुढे ती प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली व तिने इस्लाम स्वीकारला. तिच्यासाठी मस्जिदे नबवीमध्ये एक लहानसा तंबू होता. ज्या स्त्रीकडे लोकांनी प्रथम चोर म्हणून पाहिले, तिला मशिदीत आसरा मिळाला आणि ह. आयशा (रजि.) यांच्याशी गप्पा मारण्याइतकी जवळीक लाभली.

उद्यानात झोपणारे कोण असतात? नाक्यावर कामासाठी उभे राहणारे मजूर, घरातून बाहेर काढलेले वृद्ध, गाव सोडून आलेली कुटुंबे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या परिसरात परगावच्या रुग्णांचे नातेवाईक पदपथावर रात्र काढताना मुंबईकरांनी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. २०११च्या जनगणनेनुसार देशात सुमारे १७.७ लाख लोक बेघर होते. सूरह निसाच्या ३६व्या आयतीत सद्वर्तनाचे हक्कदार सांगताना नातेवाईक शेजाऱ्यासोबत परका शेजारी आणि वाटसरू यांचाही उल्लेख आहे. आपल्या खिडकीखाली झोपलेला अनोळखी माणूस या यादीबाहेर कसा राहील?

मग उद्यान जसे आहे तसेच राहू द्यावे काय? नाही. ह. अबू सईद खुदरी (रजि.) यांच्या एका हदीसनुसार प्रेषितांनी (स.) लोकांना रस्त्यांवर बसण्यास मनाई केली, तेव्हा सोबत्यांनी आपल्यापाशी दुसरी जागा नसल्याचे सांगितले. प्रेषितांनी (स.) ती अडचण मान्य केली, पण रस्त्याचे हक्क अदा करण्याची अट घातली : नजर खाली ठेवणे, कोणाला त्रास न देणे, सलामचे उत्तर देणे, भल्याचा आदेश देणे व वाइटापासून रोखणे. नाइलाज असलेल्याला प्रेषितांनी (स.) हुसकावले नाही आणि ये-जा करणाऱ्याचा हक्कही सोडला नाही. न्याय या दोहोंना सोबत घेऊनच होतो.

म्हणून त्या भगिनीला माझे म्हणणे असे की, आधी अर्ज नीट वाचा. कोणी छेड काढली, नशेत दमदाटी केली, चोरी केली, तर पोलिसांत तक्रार अवश्य करा. त्यात दयेच्या विरुद्ध काही नाही. अशा माणसाचा पहिला उपद्रव शेजारी झोपलेल्या दुबळ्यांनाच होतो. परंतु तक्रार कृत्याविरुद्ध असावी, माणसाच्या गरिबीविरुद्ध नव्हे. अर्जात केवळ ‘हटवा’ एवढेच लिहिले असेल, तर त्यावर सही करू नका. आज येथून उठवलेली माणसे उद्या पुढच्या पुलाखाली झोपतील आणि भय दुसऱ्या मोहल्ल्यात जाईल.

त्याऐवजी दिवे, रात्रीची गस्त, शौचालय आणि निवारा यांची मागणी करा. ही भीक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा असावा, असे निर्देश दिले. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातही दर लाख वस्तीमागे किमान १०० जणांच्या कायमस्वरूपी निवाऱ्याची तरतूद करण्यात आली. निवारा असूनही लोक जात नसतील, तर त्याचे कारण त्यांनाच विचारा. तो कामाच्या नाक्यापासून दूर असेल, किंवा तेथे पती-पत्नीची ताटातूट होत असेल.

आपल्या मशिदींनाही रात्री कुलूप लागते. ते लावण्यात गैर काही नाही. पण मस्जिदे नबवीच्या सुफ्फ्यावर बेघर सोबती राहत असत, हे अभिमानाने सांगणाऱ्या जमाअतीने आपल्या वॉर्डातील निवारा कोठे आहे, तेथे किती खाटा आहेत, पांघरुणे पुरेशी आहेत का, याची माहिती ठेवू नये काय? जकातच्या आठ हक्कदारांत वाटसरूही आहे.

ज्याच्या उपद्रवापासून शेजारी सुरक्षित नाही त्याचे ईमान पूर्ण नाही, ही प्रेषितांची (स.) शिकवण इमारतीतल्या आणि उद्यानातल्या दोघांनाही लागू आहे. मात्र ज्याच्या हाती कुलूप, मतदानाचा हक्क आणि अर्ज आहे, त्याला जाब अधिक द्यावा लागेल. अल्लाह आमच्या घरांना अभय देवो आणि बेघरांच्या अभयाचे निमित्त आम्हाला बनवो. आमीन.