लळा कुणाचा, जबाबदारी कुणाची?



कापूस वेचणीच्या दिवसांत वावरातून परतणाऱ्या बाया आपण अल्लीपुरात रोज संध्याकाळी पाहतो. दारात आजी किंवा थोरली बहीण लेकराला कडेवर घेऊन उभी असते. आई दिसताच एखादे लेकरू तिच्याकडे झेपावते, खांद्यावर मान टाकते आणि थोड्या वेळाने पुन्हा खेळायला लागते. दुसरे आईकडे बघतही नाही. हातातल्या वाटीशीच खेळत राहते. तिसरे आईला घट्ट बिलगते, त्याच वेळी तिला मारते, ओरबाडते आणि काही केल्या शांत होत नाही. आपण हसून म्हणतो, "रुसलं गं बाई!" आणि विषय तिथेच संपतो.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मात्र नेमका हाच क्षण अभ्यासाला घेतला. १९५४-५५ मध्ये त्यांनी युगांडातील कंपालाजवळच्या खेड्यांत २६ कुटुंबांच्या घरी वारंवार जाऊन तान्ह्या मुलांचे निरीक्षण केले. तिथल्या आयाही शेतात राबणाऱ्याच होत्या. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे त्यांनी आणखी २६ कुटुंबांतील बाळांचे पहिले वर्ष जवळून पाहिले. वर्षाच्या सुमारास बाळाला अनोळखी खोलीत आणायचे, आईने काही मिनिटे बाहेर जायचे आणि परत यायचे. आई गेल्यावर बाळ किती रडले यापेक्षा ती परतल्यावर ते काय करते, याकडे त्यांनी अधिक लक्ष दिले. त्यातून लळ्याचे तीन प्रकार दिसले: निर्धास्त लळा, दूर राहणारा लळा आणि चिकटूनही न निवणारा लळा. वर सांगितलेली तीन लेकरे या तीन प्रकारांची आठवण करून देतात. अर्थात, एका संध्याकाळच्या रुसव्यावरून कोणत्याही मुलाला शिक्का मारू नये.

आपली सर्वांत मोठी चूक दुसऱ्या लेकराच्या बाबतीत होते. "किती समजूतदार पोर! आई गेली तरी रडत नाही," असे आपण कौतुकाने म्हणतो. पुढच्या संशोधकांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा ते वाढलेले आढळले. वरून शांत दिसणारे बाळ आतून घाबरलेले होते. आपल्या रडण्याला कुणी ओ देत नाही, हे ते बहुधा शिकून चुकले होते.

मग निर्धास्त लळा कशाने लागतो? युगांडात ज्या आया आपल्या बाळाच्या बारीकसारीक गोष्टी भरभरून सांगू शकत, त्यांची बाळे बहुधा निर्धास्त होती. बाल्टिमोरला असे दिसले की, पहिल्या काही महिन्यांत ज्या बाळांच्या रडण्याकडे लवकर लक्ष दिले गेले, ती वर्षाअखेर कमी रडत होती. आपल्याकडे मात्र सुनेला सल्ला मिळतो, "सारखं उचलू नकोस, सवय लागेल!" खरे तर हाकेला ओ मिळते ही सवय बाळाला लागायलाच हवी.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. हे सारे वाचून आपण त्या वावरात गेलेल्या आईलाच दोषी धरणार का? तिच्या मजुरीवर घरची चूल पेटते. निंदणाला, सवंगणीला, वेचणीला ती गेली नाही तर लेकराला दूध कुठून येईल? शिवाय लळा केवळ आईचाच लागतो असेही नाही. ग्लासगो शहरातील ६० बाळांचा अभ्यास १९६४ साली प्रसिद्ध झाला. त्यात दीड वर्षाच्या बहुतेक मुलांना एकाहून अधिक माणसांचा लळा लागलेला होता. वडील, आजी, आजोबा, भावंडे, शेजारीण, यांपैकी जो रोज भेटतो आणि हाकेला ओ देतो, तो बाळाचा आधार होऊ शकतो. म्हणून प्रश्न आईने किती तास घरी राहावे एवढाच नाही. ती नसताना बाळाची हाक कोण ऐकते, हाही आहे.

पुष्कळ घरांत ती हाक दहा वर्षांची थोरली बहीण ऐकते. धाकट्याचे भागते, पण तिची शाळा बुडते. एका लेकराच्या निर्धास्तपणाची किंमत दुसऱ्या लेकराने का मोजावी? अंगणवाडीत मूल बसते ते साधारण तिसऱ्या वर्षापासून. लळ्याचा पाया त्याआधीच पडतो. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एक स्त्री मजुरीवर नेमावी, अशी तरतूद होती. शेजाऱ्याच्या वावरात वेचायला जाणाऱ्या बाईला मात्र असा आधार कुठला? तिच्या लेकराची झोळी बांधावरच्या बाभळीलाच टांगलेली असते.

आणखी एक प्रकार सांगायलाच हवा. १९८६ साली मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन या दोघींनी चौथा लळा नोंदवला. असे बाळ जवळ येता येता मध्येच थबकते, गोठून जाते. कारण ज्याच्याकडे धाव घ्यायची, त्याचीच पुष्कळदा त्याला भीती वाटत असते. आपला जिल्हा दारूबंदीचा. तरी कोणत्या घरात संध्याकाळी पावलांचा आवाज येताच लेकरू दडते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. हा दोषही आईच्याच पदरात टाकायचा का?

आपण काय करू शकतो? आईने नजर चुकवून पळून जाऊ नये. "जाते, संध्याकाळी येते" असे सांगून जावे. लेकरू रडेल, पण बोलल्याप्रमाणे ती परत आली की त्याचा विश्वास बसेल. रोज वेगळ्या हाती देण्यापेक्षा एकच ओळखीचे माणूस ठरवावे. बापाने संध्याकाळी शुद्धीवर घरी यावे आणि लेकराला कडेवर घ्यावे. वेचणीच्या दिवसांत मोहल्ल्यातील दोन-तीन आजींनी एका ओसरीवर चार लेकरे सांभाळली, तर चार थोरल्या बहिणी शाळेत जातील. त्या आजींच्या चहापाण्याची आणि मानधनाची सोय आपण सर्वांनी मिळून करावी. स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममाता-धर्मपिता आईबापांना साहाय्य करण्याचे मान्य करतात. ते साहाय्य केवळ वाढदिवसाच्या कपड्यांपुरते नसावे.

ज्यांचे बाळपण असे निर्धास्त गेले नाही, त्यांनी निराश होऊ नये. लळ्याचा प्रकार म्हणजे कपाळावरची रेघ नव्हे. एकच मूल बापाजवळ बावरलेले आणि आजीजवळ निर्धास्त असू शकते. ओ देणारे एक जरी माणूस मिळाले, तरी पुष्कळ काही सावरते. आज घरी गेल्यावर आपण एवढेच पाहू या: आपल्या गल्लीत कोणते लेकरू रडायचे थांबले आहे, आणि ते का थांबले आहे?